पासंग

फिलाडेल्फिया. उकाडा, तरी खिडक्या बंद,
शब्द बाहेर जाऊ नये म्हणून.
रात्री झाडताना केझाया कपटे वेचते :
‘सात वर्षं’, खोडलेलं.
‘तिघे मिळून’, वर शाईचा डाग.
एकावर नुसतीच खुर्ची, कुणीतरी कंटाळून काढलेली.
पाय तीनच.

तिला अक्षर लागतं हे कुणाला ठाऊक नाही.

खुर्चीवर कुणी बसवायचं, यावर उन्हाळाभर अडलं होतं.
लोकांनी? छे,
कॅरोलायनाचे गृहस्थ म्हणाले होते,
मग आमची शेतावरची माणसं वाया जातील की!
ती मत थोडीच देणार.
मग मधले निवडणारे निघाले, घासाघीस झाली,
लहान राज्यांना चिमूटभर वर,
आणि काटा एकदाचा थांबला.

बाहेर त्याच गृहस्थांचा घोडा धरून
क्वॉश उभा. पहाटेपासून.
केझाया त्याच्या ओंजळीत पाणी ओतते,
हलकेच सांगते,
“हिशेबात धरलंय तुला. पाचातले तीन.”

तो ओंजळ पितो. अख्खी.
“आणि उरलेले दोन?”

ती गप्प. घोडा मान झटकतो.

“ते बहुतेक,” तो म्हणतो,
“घोडा धरायला.”