बादरायण संबंध

गास्तेइसच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर,
एका रात्रीत नऊशे चाळीस वेळा यंत्रं किंचाळतात.
गारासीने मोजलंय. बारा रात्री
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, वहीत रेघा मारत.
त्यातल्या आठशेंकडे कुणी वळूनही बघत नाही.
"कान मेले आमचे," नर्स आरांत्सा म्हणाली,
आणि म्हणता म्हणता, न बघताच, एक बटण दाबलं.

म्हणजे आवाज बदलायचा.
सगळ्यांना तेच सुचलं: मऊ करा, वेगळा करा,
लाल दिवा लावा, मनगटावर थरथर द्या.
भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या, पंचावन्न,
पंचावन्नही एकाच रस्त्याने घरी आलेल्या,
शाळा सुटल्यासारख्या.

शुक्रवारी तिने सगळ्या उतरवल्या.
मधोमध एकच चिकटवली: घंटा.
म्हणाली, शहाणपण बाहेर ठेवा,
छत्र्यांच्या शेजारी. निथळू दे.

घंटा, मग सुट्टी. सुट्टी, मग समुद्र.
समुद्रातून शिंपला, शिंपल्यातून कान,
कानातून मळ (कुणीतरी हसलं),
मळातून मेण, मेणातून पोळं.
पोळं गुणगुणत असतं, सिगोर म्हणाला,
आणि पुढे त्याला काहीतरी म्हणायचं होतं
पण कॉफी आली.
दुसऱ्या टोकाला घंटेतून चर्च, चर्चमधून लग्न,
लग्नातून सिगोरची मेहुणी,
आणि मग बराच वेळ मेहुणीच.

"ह्याचा आजाऱ्यांशी काय संबंध?"
विभागप्रमुखांनी दारातूनच विचारलं.
बादरायण, दुसरं काय!
त्यांच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं,
आपल्या दारात बोर,
एवढ्यावर सोयरीक सांगत आत शिरायचं
आणि पाट मांडेपर्यंत उठायचं नाही.

सात वाजता बिशेंते फरशी पुसायला आला.
फडकं काठीवर तसंच ठेवून त्याने भिंत वाचली,
ओठ हलवत, अख्खी.
"मेंढी राहिली," तो म्हणाला.
ओल्या बोटांनी त्याने चिठ्ठी लिहिली, शाई पसरली.
तेरा उन्हाळे तो गोर्बेआच्या कुरणात झोपला होता,
दगडी खोपटात, साठ-सत्तर घंटांच्या गलक्यात.
झोप यायची? सिगोरने विचारलं.
"वाजत होत्या म्हणून तर यायची.
थांबल्या, की जाग."

कुणी काही बोललं नाही.
तेवढ्यात कोपऱ्यातला फ्रिज घरघरायचा थांबला
आणि पाचही माना वर झाल्या.

अजून काही सिद्ध झालेलं नाही.
एक खोली, चार खाटा,
प्रत्येक खाटेखाली एक बारीक किणकिण,
श्वास ठीक असेतो चालणारी.
आरांत्सा म्हणते, तिसऱ्या रात्रीनंतर
ती ऐकूच येईनाशी झाली, फक्त कधीकधी
ओल्या गवताचा वास येतो.
हे अहवालात कोणत्या रकान्यात घालायचं,
गारासी पेन चावत बसलीय.

काल पहाटे साडेतीनला
आरांत्सा खुर्चीतून उठली होती
का उठलो हे कळायच्या आधीच.
चौथ्या खाटेखाली शांत.

वायर निसटली होती, एवढंच.
म्हातारा जागाच होता. पाणी मागितलं त्याने.
तिने दिलं, वायर लावली,
आणि कळप पुन्हा चरू लागला.