निरीक्षकाने मुलांना हात लावू नये

हे पहिल्याच पानावर छापलंय, ठळक अक्षरांत.
कोपऱ्यात बसायचं, दोन तास.
बोलायचं नाही, हसायचं तर बेतानं.
बारा वर्षं मी या खुर्च्यांवर बसतेय,
चार वर्षांच्या बुडाला बेतलेल्या,
माझे गुडघे हनुवटीशी.

आजची खुर्ची होल्योकमधली, तिसरा मजला.
खाली गोठलेला कालवा, पलीकडे बंद पडलेली कागदाची गिरणी.
मिग्दालिया ओकासियो, वय सत्तेचाळीस.
एकशेवीस तासांचा वर्ग तिनं
ग्रंथालयाच्या तळघरात पुरा केला, सहा ते नऊ,
शेवटचं पोर त्याच्या आईच्या कडेवर दिल्यानंतर.
फी कॉफीच्या डब्यातून, सगळी सुट्टी नाणी.
बँकेतल्या मुलीनं दोनदा मोजली.

रेडिएटरवर नऊ हातमोजे वाळताहेत.
दहावा कुठंय, यावर सकाळपासून खल चाललाय.

मी फॉर्म काढते.
हात वीस सेकंद धुवून घेते: होय.
तिचं हात धुण्याचं गाणं एकतीस सेकंदांचं आहे, घड्याळ लावून पाहिलं.
मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन बोलते: होय.
उठताना तळवा जमिनीला टेकते,
डावा गुडघा कटकन वाजतो.
त्याला रकाना नाही.

ओदालिसचा मनोरा कोसळतो. धाडधाड.
सगळं घर श्वास धरतं, मीसुद्धा.
"पडला," मिग्दालिया म्हणते. एवढंच.
"पडला," ओदालिस म्हणते.
मग दोघी त्या ढिगापाशी बसून राहतात,
समाचाराला आल्यासारख्या.
बऱ्याच वेळानं पोरगीच एक ठोकळा उचलते.
हे कुठं लिहू? तिसऱ्या रकान्यात लिहिते,
खोडते.

टेबलावर निळी फाइल.
लसींचे दाखले, आठवड्याचा खाऊ,
आणि "मुलं कशी शिकतात याविषयी माझं म्हणणं."
चौथा खर्डा. तिसऱ्यावर दूध सांडलं होतं.
पहिलं वाक्य: मला अजून नक्की माहीत नाही.
वर्गातल्या बाईंनी त्याभोवती लाल गोल काढला होता, चारही वेळा.
तिनं ते तसंच ठेवलंय.

दहा चाळीस. यादिएल, अडीच वर्षांचा.
सकाळपासून एक शब्द नाही,
घरीही म्हणे मोजूनमापून.
येतो, आणि फॉर्मवरच पाय ठेवतो, बुटासकट.
लेस सुटलेली, ओली, टोक चघळलेलं.
मिग्दालिया पाठमोरी, डायपर बदलतेय.
तिला कळलंय. पाठ थबकलीय तिची.
वळत मात्र नाही.

मी पेन कानामागे खोचते.
एक फास, दुसरा फास, मधून ओढ.
आई पोलिशमध्ये जे पुटपुटायची
ते तोंडात येतं, अर्थ कधीच विसरलेलं.
"दुसरा," तो म्हणतो
आणि दुसरा बूट वर येतो.

मुलं झोपल्यावर, नियमाप्रमाणे विचारते:
कुठं कमी पडता, असं वाटतं?
ती हातमोजे उलटे करत राहते, एकेक.
"रडणाऱ्यांची नावं सगळी आठवतात, चौदा वर्षांची.
गप्प बसणाऱ्यांची नाही.
दोघंतिघं तर चेहऱ्यानंही गेले."
उत्तरासाठी जागा अर्धा इंच.
मी मागच्या कोऱ्या बाजूवर जाते.

मग ती विचारते, सर्टिफिकेट आलं
तर दर वाढवता येईल का?
येईल. तासाला सव्वा डॉलर, कदाचित.
ती बोटांवर काहीतरी मोजते,
बॉयलर, दाढ, धाकट्याचा चष्मा,
आणि करंगळीशी येऊन थांबते.

खाली, गाडीची किल्ली शोधताना
कोटाच्या खिशात काहीतरी ओलं लागतं.
लाल, लोकरीचा, अंगठ्याशी उसवलेला.

निरीक्षण संपल्यावर परत घरात जाऊ नये,
हेही छापलंय कुठंतरी,
शेवटच्या पानावर, बारीक.
तीन मजले. कठडा धरून.
बेल नको, झोपलीत सगळी.
मी नखानं दार वाजवते.