पेडवे आणि तारली

पहिला नियम मी लिहिला:
जे स्वतः चालवून पाहिलं, तेवढंच लिहायचं.
दुसरा पास्कूने:
लिहिणाऱ्याचं नाव नको, तारीख हवी.
तिसरा शुद्धलेखनाचा.
मी म्हणते प्रमाण, निशिगंधा म्हणते जिभेवर येईल तसं.
त्यावर भांडण अजून चालू आहे.

वेंगुर्ल्यात, काजूच्या दुकानावरची खोली.
इथे पूर्वी सहा महिन्यांत संगणक शिकवायचे.
दोन पंखे, त्यातला एक फिरतो.
रविवारी आम्ही तिघं-चौघं,
आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला
हर्णैचा इम्तियाज, देवगडची निशिगंधा,
शिवाय कुठल्याशा जहाजावरून कुणीतरी,
ज्याचं नाव नियमाप्रमाणे आम्ही विचारलेलं नाही.

काम असं, की जुने खेळ.
ज्यांच्या कंपन्या बुडाल्या,
ज्यांच्या फ्लॉप्यांना आपल्या हवेने बुरशी आणली,
ते आजच्या मशीनवर कसे चालवायचे
ते पायरीपायरीने मराठीत लिहून ठेवायचं.
कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं दुरुस्त करावं.
कुणीही म्हणजे अगदी कुणीही,
हे पचायला मला वर्ष लागलं.

आधी मी सगळं वर्णानुक्रमे लावलं होतं.
कुणाला काही सापडेना.
माणूस नाव घेऊन येत नाही, बिघाड घेऊन येतो:
आवाज नाही.
पडदा काळा.
गाडी इतकी पळते की स्टार्ट म्हणेपर्यंत आपटते.
म्हणून कपाट मोडलं आणि बिघाडांप्रमाणे पुन्हा लावलं.

तरी नावं राहिलीच.
छापील खोकी इकडे कधी आलीच नव्हती.
खेळ आले ते कॉपीची कॉपी होत,
गणपतीला येणाऱ्या मावसभावाच्या शर्टाच्या खिशातून,
लेबलावर बॉलपेनने काहीबाही.
आमच्याकडे ज्याला ‘भुयार’ म्हणत
तो हर्णैत ‘कंदीलवाला’
आणि देवगडात नुसता ‘तो’.
एका खेळाची तीन पानं,
आवाजासाठी तीन वेगळे आकडे,
आणि प्रत्येकाचा आपलाच खरा.

तेव्हा इम्तियाजची आई, लिलावावरून आलेली,
टोपली ठेवता ठेवता मागून बोलली:
तुम्ही पेडवे म्हणता, आम्ही तारली,
काटे काय कमी होतात?

तेव्हापासून, एका नावावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या पानाला
आम्ही पेडवा म्हणतो.
‘कंदीलवाला’ उघडा, आत एकच ओळ:
भुयार पाहा.
दोनशे अकरा पेडवे झालेत आजवर.

आणि बाबल कुबलचं पान.
रेडीच्या खाणीवर डंपरच्या फेऱ्या मोजायचा,
लिहायचाही तसंच, मोजून.
त्याची पाचवी पायरी एका शब्दाची:
थांबा.
किती वेळ? कशासाठी?
विचारायची सोय नाही, मार्चमध्ये गेला तो.
मी थांबून पाहिलं. न थांबता पाहिलं.
नव्या मशीनवर खेळ दोन्ही वेळा चालला.
पहिला नियम माझाच होता.
पुसली पायरी, सहावीला पाचवी केलं.
जुन्या प्रती राहतातच, कुठे जात नाहीत,
असं पास्कू म्हणाला
आणि बंद पंख्याकडे बघत बसला.

ऑगस्टात एका रात्री पायरी परत आली होती.
नाव नाही, तारीख होती.
खाली बारीक नोंद:
‘मूळ फ्लॉपीवरून चालवूचा आसात तरच.
पावसात मशीन चालू करून वीस मिनीटं तशीच ठेवा.
आतली ओल सुकाक व्हयी, मगे वाचता.
बाबलान सांगलेला. आता करून बघलंय.’

मी दोनदा वाचलं.
‘मिनीटं’मधला दीर्घ डोळ्यांत सलला,
बोट कळीवर गेलंही.
पण तिसऱ्या नियमाचं अजून ठरलेलं नाही.