आक्साल्पचा कडा

पहाटे तीनला निघालो, कपाळाला दिवे बांधून.
ओटिलीए पुढे. वय एकोणऐंशी,
ब्रिएंझला लाकूड कोरण्यात हयात गेली,
त्यातच कानही गेले, असं ती सांगते.
यंत्राच्या करवतीनं की नवऱ्यानं, ते सांगत नाही.

कड्यावर गर्दी. थर्मास, लोकरी टोप्या,
दगडावर चीज कापणारा कुणाचातरी पोरगा.
खाली तळ्यावर धुक्याची जाड साय.

आणि मग ते आलं,
वरून नव्हे, खालून.
विमानाची पाठ दिसली आम्हाला,
माळ्यावरून मांजराची दिसावी तशी.
काचेखाली एक पांढरं शिरस्त्राण,
ते वळलं आमच्याकडे,
निदान मला तसं वाटलं.
पंखांच्या टोकांवरून वाफेचे दोन दोरे सुटले
अन् गेलंसुद्धा.
आवाज मागाहून,
दार न ठोठावता
थेट बरगड्यांत.
पाठोपाठ दुसरं.

सगळ्यांनी कान झाकले.
ओटिलीएनं हातमोजा काढला,
तळहात खडकावर टेकला,
फळीतली शीर चाचपावी तसा.
"पहिलं टायगर. हे हॉर्नेट."
बरोबर होतं.

समोरच्या उतारावर नारिंगी चौकोन.
तिथं धुरळा उडाला,
मग जरा वेळानं टर्रर्र, कापड फाटल्यागत.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
अन् हात खिशात घातले.

उतरताना कुरणात घंटांचा किणकिणाट,
तिला तो नाही.
वाटेतच थांबून तिनं खिशातला तुकडा काढला,
अंगठ्यानं घासला.
"पंखाला अक्रोड नको," म्हणाली, "चिरतो.
लिंडन बघू."