जी पिवळी नाही, तिच्याबद्दल

ट्यूबलाइटखाली डोळे बघू नयेत,
हे डॉक्टर सायकालना पुस्तकाने नाही, एका चुकीने शिकवलं.
म्हणून त्या पोराला खांद्याला धरून खिडकीपाशी नेतात,
नारीनच्या ऑक्टोबरातल्या उजेडात,
आणि म्हणतात, वर बघ. आता खाली.
माझ्या चपलांकडे बघ.

पांढऱ्यात हळद कालवलेली.

"लघवी कशी होते रे, अक्जोल?"
"चहासारखी."
"कुठल्या चहासारखी? रोजच्या, का पाहुणे आल्यावरच्या?"
पोरगा लाजतो.
"विसरून तसाच राहिलेल्या."

किटलीवर हात शेकून घेतात,
बरगडीखाली बोटं ठेवतात आणि नुसत्या थांबतात.
श्वास घे.
यकृत आपणहून खाली उतरतं,
दार किलकिलं करून बाहेर बघणाऱ्या घरधन्यासारखं,
आणि बोटांना टेकतं.
दुखरं. कडेला मऊ.

घाबरू नका, त्या आईला सांगतात.
हा गाजावाजा करत आलाय, हा जाईल.
शाळेमागच्या पाटातून आला असेल,
किंवा एकाच तांब्यात हात बुचकळणाऱ्या चाळीस जणांतून.
वर्गातल्या कितीजणांना होऊनही गेला असेल.
दोन दिवस जेवण नको, कुरकुर, संपलं,
घरच्यांना पत्ताही नाही.
आणि अंगावर रंग चढेपर्यंत
याचंही बहुतेक वाटून झालेलं असतं.
झोपू दे. मागेल ते खाऊ दे.
साबण मात्र घ्या. साबण.

आपल्याकडे म्हणतात,
कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं.
खोटं आहे.
अक्जोलला भिंत हिरवीच दिसते,
आईच्या रुमालावरची फुलं लालच,
आणि बाहेरचे पॉपलर पिवळे, कारण ते आहेत पिवळे.

बाकावर त्याची बहीण बसलीय.
बेगिमाय, सात वर्षं,
पाय हलवत, पाव खात,
गाल थंडीने तांबडे, डोळे दुधासारखे.
डॉक्टरांच्या खणात दोन कागद आहेत.
एक आईचा, सातव्या महिन्यातला.
दुसरा, त्यावरून मागवलेला, या मुलीचा.

ती वरच्या कुरणात जन्मली, तंबूत.
घाट दरडीने बंद होता.
पहिल्या दिवशी टोचायची सुई
नवव्या दिवशी पोचली, घोड्यावरून.
एवढीच गोष्ट.

मोठ्या माणसाचं शरीर भांडतं,
तापतं, ओकतं, पिवळं पडतं,
आणि बहुतेकदा त्याला हुसकून लावतं.
एका दिवसाचं बाळ भांडत नाही.
आपलं कोण, परकं कोण,
त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं.
आलेल्याला ते जागा देतं.
मग तो राहतो,
तीस वर्षं, चाळीस, पायताणांचा आवाज न करता,
आणि घर आतून घट्ट होत जातं.
कधी होतं, कधी नाहीही होत.
हे "कधी" आईला कसं सांगायचं
ते सायकालना वीस वर्षांत जमलेलं नाही.
आज त्या एवढंच म्हणतात,
हिला दर सहा महिन्यांनी आणायचं.
बरी असली तरी. बरी असते म्हणूनच.

आई मुलीकडे बघते, मग स्वतःच्या पोटाकडे,
जणू कुणीतरी तिला चोर म्हटलंय.
"तुम्हालाही कुणीतरी दिलंच असेल, झामिरा.
तुमच्या आईने. तिला तिच्या.
कुणी हाताने दिलेलं नाही."
मग कॅलेंडर काढतात.
जानेवारी. त्यावर बोट.
"त्याआधीच खाली या. नणंदेकडे राहा, इथे राहा, कुठेही.
बर्फ पडायच्या आत.
पहिल्या चोवीस तासांत मला ते बाळ हवंय."

बेगिमायचा पाव संपतो.
"मी पण पिवळी होणार का?"
"नाही बहुतेक."
"मग मला सुई नाही ना?"
सायकाल तिची बाही वर सरकवतात.
"थोडंसं रक्त. वर्षातून दोनदा."
"हा पिवळा, आणि सुई मला?"
अक्जोल हसतो. पहिल्यांदाच, आठवड्यात.

रात्री वीज जाते.
सायकाल टॉर्च घेऊन फ्रीजपाशी जातात,
दार उघडत नाहीत, उघडायचं नसतं,
बाहेरच्या काट्यावर झोत टाकतात.
पाच अंश.
पुन्हा बघतात. पाच.
घाटावर काय चाललंय ते इथून दिसत नाही.