चालू करून दाखवा

विमानतळावर माझं जाकीट नेहमी वाजतं.
रिगा असो, लिस्बन असो,
मी हसून सांगते, कापडच आहे हो,
फक्त धाग्यात चांदी आहे
आणि काखेत काडेपेटीएवढी बॅटरी.
तपासनीस बाई दोन बोटांत शिवण चाचपते,
भाव पाडण्याआधी चाचपतात तशी,
मग म्हणते, चालू करून दाखवा.
आणि मी, अनवाणी, पट्टा हातात,
तिच्यापुढे थरथरत उभी.

हाच माझा धंदा.
वर्षाला चाळीस शहरं, गळ्यात चाळीस फिती,
त्यांवर झाइगा स्त्राझ्दिन्या या नावाच्या
चाळीस तऱ्हेच्या चुका.
भाषण एकच. विनोद तीन,
त्यातला दुसरा जर्मनीत वगळायचा.
"उद्याचं कापड अंगावर नुसतं बसणार नाही,
ते ऐकेल."
इथे थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, टाळी येते.
रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये मी मोजे धुते.
जाकीट धुता येत नाही,
हे कुठल्याच भाषणात नाही.

पोलंडमधलं वूच. नोव्हेंबर.
सभागृह म्हणजे जुनी कापडगिरणी,
लाल विटांना तुकतुकीत लेप,
माग होते तिथे कॉफीचं यंत्र.
मी बारा मोटरी दाखवल्या,
कॉलरमध्ये, बरगड्यांवर, मनगटाशी;
ज्यांना ऐकू येत नाही
त्यांच्या कातडीवर संगीत उतरवणाऱ्या.
कोण घालून बघतं? असं विचारलं,
एखादा दाढीवाला पोरगा उठेल या हिशेबाने.

उठली गेनोवेफा.
एक्याऐंशी वर्षांची, कान गिरणीला देऊन टाकलेले.
तिच्या नातीने, कायाने, माझं वाक्य तिला पोचवलं
आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.
नंतर कळलं, इथल्या विणकरणी अशाच बोलायच्या,
मागांच्या गदारोळात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत:
कुणाचा नवरा कुठे झोपतो, कुणाची पगारवाढ अडली,
आणि मधून फिरणाऱ्या मुकादमाला
काही म्हणता काही कळायचं नाही.

मी सेलो लावला. हुकमी तुकडा.
या जागी लोक डोळे मिटतात.
तिने नाही मिटले.
आधी अस्तर उलटून पाहिलं, टाक्यांवर नख फिरवलं,
मग हात पुढे गेले,
डावा थोडा वर, उजवा मागे,
तुटलेलं टोक हवेत शोधल्यासारखे.
आणि पाऊल ठेका धरू लागलं,
सेलोचा नव्हे.

काया जरा लाजली.
"आजी म्हणते, छान आहे.
पण हे तिने एकतीस वर्षं घातलंय,
इथेच, त्या खांबापाशी.
चार्ज करावं लागायचं नाही.
काढता मात्र यायचं नाही,
अजून येत नाही."
कुणीतरी हसलं. सवयीने मीही.
तेवढ्यात पुढची पारदर्शिका आपोआप सरकली,
तीवर माझ्याच पसंतीच्या टंकात, भलंमोठं:
जगात प्रथमच.

जाकीट परत देताना
तिने माझ्या डाव्या बरगडीवर बोट टेकवलं.
ही मागे पडते, असं ओठांनी म्हणाली,
आणि ते मला दुभाष्याशिवाय समजलं.
सातवी मोटर.
दोन वर्षं, तीन प्रयोगशाळा, एक पारितोषिक,
कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रात्री खोलीत अंधार करून जाकीट घातलं.
खालून ट्राम गेली,
अकरा जणी एकदम थरारल्या
आणि एक, किंचित नंतर.
मग मला झोपच येईना,
पुढच्या ट्रामची वाट बघत बसले.

सकाळी विमानतळावर यंत्र वाजलं.
कशासाठी असतं हे? त्या बाईने विचारलं,
खरंच विचारलं, रांग मोठी असूनही.
तीन विनोद तोंडाशी आले.
मी तिचा हात धरून बरगडीवर ठेवला
आणि म्हटलं, थांबा,
इथे जरा उशिरा येतं.