दोन रेघांच्या मधे

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
सेलूच्या बाहेर, खडी मशीनच्या अलीकडं,
वडारवस्तीतल्या बाभळीला मी काटा टांगते.
आधी लिंबाला टांगायचे,
ती फांदी कुणीतरी सरपणाला नेली.
गयाबाई झोळी झटकते.
धूळ उडते, पुन्हा तिथंच बसते.
इथं प्रत्येक लेकराच्या वजनात
थोडी धूळ धरावी लागते.

एकेक येतं, लोंबकळतं.
कुणी रडतं, कुणाला झोका वाटतो.
मी रेघ वाचते, वहीत लिहिते,
मग मोबाइलमध्ये भरते,
रेंज असली तर.

सायबूला रेणका आणते, त्याची बहीण.
सहा वर्षांची, कडेवर तो, म्हणून कमरेतून वाकडी.
आई, दुरपता, उजाडायच्या आत मशीनवर.
सायबू अडीच वर्षांचा.
त्याच्या दंडाला पट्टी गुंडाळली की लाल येतं.
तीन महिने झाले, लालच.

मागच्या खेपेला मी दुरपताला म्हणाले होते,
याला परभणीला न्यावं लागतंय.
चौदा दिवस दवाखाना. दूध देतात, औषध देतात,
तुझंही जेवण असतं.
ती घणाचा दांडा ठोकून बसवत होती.
वर न बघता म्हणाली,
"अन् बाकीची तीन कुणाकडं?
मुकादम माझी जागा धरून ठेवतो का, बाई?"
मी म्हणाले, बघू.
पुढच्या महिन्यात वजन भरलं तर नको जायला.

हे रेणकानं ऐकलं होतं.

आज काटा आठ किलो सहाशेवर थांबला.
मागं आठ दोनशे.
गयाबाईनं टाळीच वाजवली.
मी सायबूकडं पाहिलं.
तेच पाय, तीच मान,
तेच तांबूस, विरळ केस.
फक्त थोरल्या भावाची खाकी चड्डी अंगात होती,
आणि तिचे दोन्ही खिसे
झोळीतून खाली ओघळले होते.

पाच दगड निघाले.

रेणका पळाली नाही. रडलीही नाही.
म्हणाली, "काळा घ्यावा लागतो, बाई.
पांढरा दिसतो मोठा, पण पोकळ असतो.
काळा बारका असला तरी लई भरतो."

मी नुसते दगड झोळीत घालून काटा पाहिला.
तीनशे आणि चारशेच्या मधे.
मग सायबू किती वाढला?
पन्नास ग्रॅम.
किंवा काहीच नाही.
किंवा सकाळी प्यालेलं पाणी.
रकान्यात 'किंवा' लिहिता येत नाही.

"आता माझं करा," रेणका म्हणाली.
तुझं नाव आता या वहीत नाही,
तू मोठ्या शाळेची, असं मी सांगणार होते.
तोवर ती चढली.
झोळीत मावली.
तेच मला नको होतं.

संध्याकाळी मशीनवर गेले.
दगड दुरपताच्या पुढ्यात मांडले.
तिनं एकेक उचलून पाहिला, उलटा करून पाहिला,
कुणी विकायला आणल्यासारखा.
"हुशारंय पोरगी," एवढंच.
नंतर तिचे ओठ हलले.
मशीन चालू होतं,
मला काही ऐकू आलं नाही.

पुढच्या मंगळवारी
रेणका खिचडीच्या वेळेला आली. एकटी.
"सायबू परभणीला. माय बी."
धाकटी दोघं शेजारच्या झोपडीत निजली होती.
तिनं ताट धरलं. गयाबाईनं पळी भरून वाढलं,
मी बघितलं नाही असं केलं.

कडेवर कुणी नव्हतं,
तरी ती कमरेतून
वाकडीच उभी होती.